बोकडाच्या अंगातले दूध

खानदेशातल्या कुठल्याही गुरांच्या बाजारात बकरी पाहायची रीत ठरलेली आहे. (शेळी हा शब्द इथे कागदावरचा, तोंडात बकरीच.) गिऱ्हाईक आधी पाठीच्या कण्यावरून हात फिरवते, कमरेवरचे मांस चिमटीत धरून पाहते, मग पोटाखाली हात घालून बकरी वीतभर उचलते आणि तिथल्या तिथे किलोचा अंदाज बांधते. शेवटी खालचा ओठ ओढून दात बघितले जातात. शेळीला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. खालच्या आठांपैकी दोन पक्के आले असतील तर ती सव्वा-दीड वर्षाची, चार असतील तर दोनच्या आसपास, आणि आठही जुळले की चार वर्षांची. ही पारख खोटी नाही. ती पिढ्यान्‌पिढ्यांच्या व्यवहारातून आलेली आहे आणि मुरलेल्या व्यापाऱ्याचा अंदाज काट्याच्या फार जवळ जातो. पण ती मांसाची पारख आहे. घोटाळा होतो तो तीच पारख दुधाच्या बकरीला आणि पैदाशीच्या बोकडाला लावली जाते तेव्हा. कण्यावर मांस भरलेले, कमर रुंद, अंगाने गुबगुबीत बकरी नजरेत भरते. आणि ऐन वेतात असूनही ती तशी गुबगुबीत असेल, तर खाल्लेले दुधात न जाता अंगावर जाते आहे याचाच तो पुरावा असतो. दुधाची बकरी पारखणे ही वेगळी विद्या आहे. ती नजरेपासून सुरू होते, पण मापाशिवाय आणि वहीशिवाय पुरी होत नाही. जळगाव-धुळ्याच्या बकऱ्या सुधारायच्या असतील तर नव्या जातीच्या आधी ही विद्या इथे रुजली पाहिजे.

हा मुद्दा खानदेशापुरता मांडण्याला कारण आहे. महाराष्ट्राच्या नावाजलेल्या जाती आपापल्या मुलखाच्या नावाने ओळखल्या जातात: मराठवाड्याची उस्मानाबादी, नगर-नाशिककडची संगमनेरी, वऱ्हाडातली बेरारी, सिंधुदुर्गातली कोकण कन्याळ. खानदेश यांतल्या पहिल्या तीन मुलखांना लागून आहे आणि पश्चिमेला तापीच्या काठाकाठाने गुजरातला जोडलेला आहे. तापीच्या मुखाजवळची सुरती ही दुधासाठी नाव काढलेली जात: पांढरी, मध्यम बांध्याची, लोंबत्या कानांची, भरल्या कासेची आणि मोठ्या सडांची. जुन्या नोंदींत याच सुरतीला खानदेशी असेही नाव दिलेले आढळते. म्हणजे ज्या मुलखाचे नाव एका दुधाळ बकरीला मिळाले होते, त्याच मुलखात आज बहुतेक कळप मिसळ रक्ताचे आहेत. कुठे उस्मानाबादीचा काळा रंग, कुठे संगमनेरीचा बांधा, कुठे राजस्थानातून आलेल्या शिरोहीचे ठिपके, आणि अलीकडे बोअरचे तांबडे डोके. मिसळ असणे हा दोष नाही. मिसळ कळपात बकरी-बकरीत फरक जास्त असतो, आणि फरक असतो तिथेच निवडीला वाव असतो. एकाच गोठ्यात, एकाच चाऱ्यावर एक बकरी दिवसाला पाव लिटर देते आणि दुसरी लिटरभर, हे तर प्रत्येक बकरीवाल्याला ठाऊक असते. प्रश्न आहे तो या माहितीचे तो पुढे काय करतो हा.

दूध हा गुण मादीतच दिसतो, पण तो बोकडाच्याही अंगात असतो. बोकडाला कास नाही, म्हणून त्याच्या अंगातले दूध डोळ्यांना दिसत नाही. तरीही त्याच्या प्रत्येक मुलीला दुधाच्या गुणाचा अर्धा वाटा त्याच्याकडूनच येतो. आता हिशेब पाहा. बकरी पाच महिन्यांची गाभण राहते आणि चांगल्या सांभाळात दोन वर्षांत तीनदा विते. जुळी धरली तरी तिच्या सगळ्या आयुष्यात दहा-बारा करडे होतात. बोकडाकडे पंचवीस-तीस बकऱ्या असतात. त्याची करडे एका वर्षातच चाळीसच्या घरात जातात. सलग तीन पिढ्या निवडून बोकड वापरले तर पणतीच्या अंगात आठातले सात भाग त्या तीन बोकडांचे असतात आणि मूळ बकरीचा उरतो फक्त एक. कळपाचे भवितव्य बोकडावर ठरते ते यामुळे. आणि नेमक्या त्याच जनावराची पारख त्याच्याकडे नुसते पाहून होत नाही. त्यासाठी त्याच्या आईने किती दूध दिले, बहिणी किती देतात, आणि वय झाल्यावर मुली किती देऊ लागल्या, हे ठाऊक असावे लागते. त्यातही एका दिवसाच्या धारेवर भिस्त ठेवता येत नाही. बकऱ्यांच्या दुधात जो फरक दिसतो त्यातला साधारण पाव ते तिसरा हिस्साच रक्तातून आलेला असतो. बाकीचा चारा, ऋतू, कितवे वेत, आजारपण यांचा. रक्ताचा हिस्सा वेगळा काढायचा तर एकाच कळपातल्या, एकाच हंगामात व्यायलेल्या बकऱ्यांची आपसांत तुलना हवी आणि तीही वारंवार घेतलेल्या मापांवरून.

इथे कुणी म्हणेल की आमच्या वाडवडिलांनी वह्या न लिहिताच नामी जनावरे घडवली. खरे आहे, आणि खानदेशातच त्याचे उत्तम उदाहरण आहे. सातपुड्याच्या पायथ्याला ठेलारी पशुपालकांनी जोपासलेली तापी खिल्लार ही खिल्लार बैलांची वेगळी शाखा म्हणून पशुविज्ञानाच्या पुस्तकांत नोंदली गेली. ती कोणत्याही सरकारी केंद्राने घडवलेली नव्हती. पण तिथे निवडायचा गुण होता ओढकामाचा. चाल, दम, खुरांचा कणखरपणा, रागीट की शांत स्वभाव, हे सगळे वळूच्या स्वतःच्या अंगावर वाचता येते. वळूला चालवून पाहिले की निम्मी परीक्षा झाली. त्या गुणासाठी स्मरण आणि नजर पुरेशी होती, आणि ठेलारींची नजर अव्वल होती. दुधाच्या बोकडाला मात्र कितीही चालवून पाहिले तरी उत्तर मिळत नाही. परंपरेच्या नजरेला कमी लेखण्याचा इथे हेतू नाही. ती नजर ज्या गुणासाठी तयार झाली, तो गुण वेगळा होता एवढेच.

उलट आज जी निवड चालू आहे ती नकळत उलट्या दिशेने होते आहे, आणि मला सर्वांत जास्त काळजी तिचीच वाटते. जो नर करडू झपाट्याने वाढतो तो सहा-आठ महिन्यांत विकाऊ होतो. बकरी ईदच्या आधीच्या आठवड्यांत देखण्या, भरल्या अंगाच्या बोकडाला जो भाव येतो, तो वर्षभरात एरवी कधी येत नाही. मालेगावसारखी मोठी पेठ खानदेशाच्या उंबरठ्यावरच आहे. घरात लग्नाची तारीख असेल, कापसाच्या बियाण्याचे पैसे भरायचे असतील, तर उभा बोकड विकणाऱ्याला दोष देता येत नाही. पण परिणाम असा की आईच्या भरपूर दुधावर भरभर वाढलेले करडू कळपातून सर्वांत आधी जाते, आणि मागे राहते ते खुरटलेले, ज्याला गिऱ्हाईक लागले नाही. तेच पुढे कळपावर फिरते. म्हणजे चांगल्या आईचा मुलगा कापला जातो आणि बेताच्या आईचा मुलगा बाप होतो. त्यात तोच बोकड तीन-चार वर्षे राहिला की स्वतःच्या मुलींवर जातो. बाप-मुलीच्या संकरातून आलेल्या करडाचा अंतःप्रजननाचा गुणांक पंचवीस टक्के असतो. मरतुक वाढते, वाढ खुंटते, माज चुकतो. मग म्हटले जाते की गावरान बकरीत काही दम नाही. दम होता, तो दरवर्षी बाजारात विकला गेला.

आता नजरेकडे येऊ, कारण माप आणि वही हवी म्हणजे नजर नको असे मुळीच नाही. दुधाच्या बकरीची परीक्षा घेणारा माणूस तिच्या मागे उकिडवा बसतो आणि कास दोनदा पाहतो, धार काढण्याआधी आणि काढल्यानंतर. आधी तिचा आकार दिसतो. ती मागे किती उंचावर पोटाला जोडलेली आहे, पुढे पोटाशी सलग मिळते की मध्ये खोबण पडते, दोन अर्ध्यांच्या मधोमध स्पष्ट रेघ दिसते का. ही रेघ म्हणजे कास तोलून धरणाऱ्या मधल्या बंधाची खूण. हा बंध सैल पडला की तिसऱ्या-चौथ्या वेतापर्यंत कास गुडघ्यांच्या खाली लोंबते आणि सड बाहेर फाकतात. धार काढल्यावर खरी गोष्ट कळते. दुधाची कास रिकामी झाली की सैल पडून मऊ होते, तिची कातडी बोटांत रेशमी कापडासारखी चुरते. जी कास धार काढल्यावरही जवळजवळ तेवढीच राहते ती मांसल. तिच्यात दूध कमी, गोश्त जास्त. हाताला गाठ लागली तर कासदाहाचा जुना वण असू शकतो. सड असे हवेत की मुठीत धरून धार काढता येईल. चिमटीने काढावी लागते तिथे दोन बकऱ्यांतच बोटे भरून येतात. चारऐवजी दोनच सड हे शेळीचे नैसर्गिक लक्षण. तिसरा फुटलेला असेल, किंवा एका सडाला दोन छिद्रे असतील, तर तो दोष पुढच्या पिढीत उतरू शकतो. यातली एकही गोष्ट बाजारात पाहिली जात नाही. बकरी दुभती दिसावी म्हणून सकाळची धार न काढताच तिला बाजारात उभी केली जाते, आणि तटतटलेली कास पाहून गिऱ्हाईक खूश होते.

जगात जिथे दुधाच्या शेळ्यांची परीक्षा हे शास्त्र झाले, तिथे या सगळ्याला गुण दिलेले आहेत. १९०४ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकेतल्या दुधाळ शेळ्यांच्या संघटनेच्या पत्रकात व्यायलेल्या शेळीला शंभरपैकी ३५ गुण कासेचे, ३५ एकूण बांध्याचे, २० दुधाळपणाच्या लक्षणांचे आणि १० पोटाच्या व छातीच्या मापाचे. दुधाळपणा म्हणजे लांब मान, सपाट व मोकळ्या फासळ्या, पातळ कातडी, मांड्यांवर कमी मांस. आपल्या बाजारात जिला हडकुळी म्हणून मागे सारतील अशीच शेळी. हे पत्रक जसेच्या तसे उचलावे असे मी म्हणणार नाही. ते गोठ्यात बांधून खाणाऱ्या, यंत्रावर दूध काढल्या जाणाऱ्या शेळीसाठी आहे. शिंदखेडा, साक्री, पारोळा भागातली बकरी दिवसाला कित्येक किलोमीटर चालते, बोर-बाभळी-हिवराच्या काट्यांतून पाला ओरबाडते, एप्रिल-मे महिन्यांत ४४-४५ अंशांच्या उन्हात पाणी शोधते. सुरतीचे दूध चांगले, पण ती लांब चालू शकत नाही असे तिच्याविषयी नोंदलेले आहे. त्यामुळे यावल-रावेरच्या बागायतीत घराजवळ बांधायला ती उत्तम, माळावरच्या कळपाला नव्हे. खानदेशाच्या पत्रकात पायांना आणि खुरांना अमेरिकेपेक्षा जास्त गुण पाहिजेत आणि लोंबत्या कासेला अधिक कडक शिक्षा, कारण इथे लोंबती कास कुरूप दिसते एवढ्यावर भागत नाही, ती काट्याने फाटते. परीक्षा कशाची घ्यायची हे ठरवणे म्हणजेच पुढची बकरी कशी हवी हे ठरवणे. म्हणून हे पत्रक इथल्याच जाणत्यांनी बसवले पाहिजे.

सर्वांत जोराचा आक्षेप असा: आमच्याकडे बकरी मांसासाठी असते, दुधाला विचारतो कोण? गावात बकरीच्या दुधाला गिऱ्हाईक नाही, वास येतो म्हणतात, डेअरीत ते घेत नाहीत. यातला वासाचा भाग आधी मिटवू. शेळीच्या दुधात कॅप्रोइक, कॅप्रिलिक, कॅप्रिक ही आखूड व मध्यम साखळीची स्निग्धाम्ले जास्त असतात. त्यांची नावेच शेळीच्या लॅटिन नावावरून पडली आहेत. पण स्वच्छ भांड्यात काढून लगेच तापवलेल्या दुधाला तो उग्र दर्प येत नाही. येतो तो बहुधा माजावरचा बोकड दुभत्या बकऱ्यांतच बांधलेला असतो म्हणून, किंवा दूध तासन्‌तास कोमट पडून राहिले म्हणून. १९३६ च्या डिसेंबरात यावल तालुक्यात फैजपूरला काँग्रेसचे खेड्यातले पहिले अधिवेशन भरले, तेव्हा तिथे आलेले गांधीजी १९१९ पासून शेळीचेच दूध घेत होते. या दुधाला कमी प्रतीचे मानण्याला खानदेशात तरी काही आधार नाही. मात्र मुख्य उत्तर वेगळे आहे. दूध विकले नाही तरी ते वाया जात नाही, ते करडाच्या अंगावर दिसते. पहिल्या दोन महिन्यांत करडाची वाढ जवळजवळ सगळी आईच्या दुधावर असते. जुळी-तिळी होणाऱ्या बकरीला अर्धा लिटर दूध असेल तर एक करडू मरते किंवा दोन्ही खुरटतात. उस्मानाबादीचे जुळ्यांचे प्रमाण चांगले म्हणून तिची वाहवा होते, पण ती जुळी जगवायला कास लागते. मांसासाठी बकरी पाळणाऱ्यालाही दुधाळ आईचाच बोकड हवा, आणि कदाचित त्याला तो जास्त हवा.

दुसरा आक्षेप वहीविषयी. दिवसभर रानात फिरणारा माणूस नोंदी कुठे ठेवणार? पण रोज मोजायची गरजच नाही. महिन्यातून एकदा, ठरल्या दिवशी, संध्याकाळी करडे वेगळी कोंडायची आणि सकाळी दूध काढून लिटरच्या मापात पाहायचे. बारा तासांच्या त्या दुधावरून आणि वेताच्या दिवसांवरून अंदाज बांधता येतो. पाच महिन्यांच्या वेतात पाच आकडे झाले. आई कोण, बाप कोण, कधी व्यायली, किती करडे झाली, हे तर बकरीवाल्याच्या घरात बायकांना तोंडपाठ असते. दूध काढणाऱ्याही त्याच. या माणसांकडे माहिती नाही असे नाही, ती माहिती त्यांच्यासोबतच संपते एवढीच अडचण आहे. आता गायी-म्हशींप्रमाणे शेळ्यांच्याही कानात बारा अंकी बिल्ला बसू लागला आहे. आज त्याचा उपयोग मुख्यतः लसीकरणापुरता होतो. त्याच अंकासमोर आईचा अंक आणि महिन्याचे दूध लिहिले तर वंशावळ तयार होते.

तिसरे म्हणणे असे की एवढी खटपट कशाला, परदेशी सानेन किंवा अल्पाइनचा बोकड आणला की दूध एका पिढीत वाढते. संकरित पहिल्या पिढीत दूध वाढते हे भारतात कर्नालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेत बीटल शेळीशी केलेल्या संकरांतूनही दिसले. पण ते दूध चाऱ्यासकट येते. सानेनची फिकट कातडी कडक उन्हाला नाजूक; भुसावळच्या मेमध्ये तिच्या संकराला सावली, पाणी आणि दाणा हवा, आणि ज्याला हे देता येते त्याने ती खुशाल पाळावी. कोरडवाहू माणसासाठी तो मार्ग नाही. शिवाय बाहेरचा बोकड आणतानाही प्रश्न तोच उरतो: त्याच्या आईचे दूध किती? सानेन असणे म्हणजे चांगला सानेन असणे नव्हे. आपल्याकडे तर बाहेरचे बोकड कानांच्या लांबीवर आणि नाकाच्या बाकावर विकले जातात. यमुना-चंबळच्या बीहडातल्या जमुनापारीचे लांब कान आणि बाकदार नाक इंग्लंडच्या अँग्लो-न्युबियनपर्यंत पोचले, पण तिथे त्यांच्यामागे दुधाची नोंद जोडली गेली. आपण कान ठेवले आणि नोंद सोडली. दिसण्यावर गेल्याचा आणखी एक फटका भुंड्या बोकडाचा. बिनशिंगी जनावर सांभाळायला सोपे, म्हणून भुंड्याला भुंडीच द्यावी असे वाटते. युरोपातल्या दुधाळ जातींत असे केल्यावर काही करडे ना धड पाट ना धड बोकड अशी वांझ जन्मतात. २००१ मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी त्याचे मूळ शोधले: गुणसूत्रातला सुमारे ११,७०० अक्षरांचा एक तुकडा गळालेला असतो, आणि तो आई-बाप दोघांकडून आला की मादी करडाची घडण बिघडते. भुंड्या बकरीला शिंगाचा बोकड द्यावा, ही खबरदारी फुकटात घेता येते.

हे काम एका माणसाच्या एका हंगामाचे नाही. शेळीची पिढी अडीच-तीन वर्षांची धरली तर तीस वर्षांत दहा-बारा पिढ्या होतात. ज्याने विशीत सुरुवात केली त्याला पन्नाशीत स्वतःच्या कळपात फरक दिसतो. म्हणून जगभर नाव घेतले जाते ते आयुष्यभर एकाच कळपामागे राहिलेल्या पैदासकारांचे, आणि चांगले परीक्षकही त्यांच्यातूनच येतात. संस्थांनी त्यांना आधार द्यायचा. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात संगमनेरीवर आणि फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत उस्मानाबादीवर अखिल भारतीय शेळी सुधार प्रकल्पाखाली शेतकऱ्यांच्याच कळपांत नोंदी घेऊन काम झाले आहे. खानदेशात चाळीसगाव तालुक्यातल्या बिलाखेडला पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळाचे प्रक्षेत्र आहे, धुळ्याला कृषी महाविद्यालय आहे. राहुरी-फलटणला जे जमले ते इथे जमवायला जागा आणि माणसे आहेत. हवी आहे ती शेतकऱ्यांच्या कळपांना जोडणारी नोंद.

आणि सुरुवात कुठून करायची तर जत्रेतल्या आणि कृषी प्रदर्शनातल्या स्पर्धेपासून, जिथे आज सर्वांत वजनदार बोकडाला फेटा बांधला जातो. इंग्लंडमध्ये १८७९ साली स्थापन झालेल्या शेळीपालक संस्थेने दुधाच्या स्पर्धेची जी रीत घालून दिली ती इथे सहज चालेल. आदल्या संध्याकाळी पंचांसमोर सगळ्या बकऱ्यांच्या कासा पुऱ्या रिकाम्या करायच्या. ते दूध मोजायचे नाही. तिथून चोवीस तासांचे दूध तोलायचे, स्निग्धांश तपासायचा, आणि व्यायल्याला जास्त दिवस झालेल्या बकरीला त्या दिवसांचे जादा गुण द्यायचे, म्हणजे काल व्यायलेलीला आयता फायदा मिळत नाही. दुसऱ्या दिवशी त्याच बकऱ्या रिंगणात चालवायच्या, पाय, खूर आणि जबडा पाहायचा. बोकडांचा वर्ग सर्वांत शेवटी ठेवायचा. कुठल्याच बोकडाने रिंगणात एकटे यायचे नाही. त्याच्यासोबत त्याची आई यावी, आणि दोन वेगवेगळ्या बकऱ्यांपासून झालेल्या त्याच्या दोन दुभत्या मुली. आणि परीक्षकाने त्याच्या पाठीवर हात ठेवण्याआधी त्या तिघींच्या मागे उकिडवे बसावे.